भावाने पाडलेला दात

लवंगेच्या तेलाचा वास आला की भुईगावची आमची केळीची वाडी आठवते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मस्कतला नोकरीला होतो, रजेवर घरी आलो होतो. वाडी बिल्डरला विकायला मी नाही म्हणालो आणि थोरला भाऊ उसळला. "तिकडे बसून आम्हाला शिकवतोस?" म्हणत त्याने फावड्याचा दांडा माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पुढचा दात तुटला, मी पाण्याच्या पाटात कोसळलो, तरी तो लाथा घालतच राहिला. शेवटी आईनेच त्याला मागे ओढलं. लवंगेच्या तेलाचा बोळा दातावर दाबत ती मला म्हणाली, "कुणी विचारलं तर पडलो म्हण." साऱ्या गावाला मी तेच सांगितलं. मस्कतला परतल्यावर हिरडीत पू झाला. कंपनीच्या विम्यात नवा दात बसवून मिळणार होता, पण अपघात असेल तरच. डॉक्टर केरळचा, भला माणूस. म्हणाला, "गिर गया था ना? मारामारी का पैसा बीमा नहीं देता." नुसती मान हलवायची होती. पण तोंडून निघालं, "नहीं. भाई ने मारा." दात पदरच्या पैशाने बसवला. भाऊ मागच्या वर्षी वारला. ते वाक्य मराठीत मात्र आज पहिल्यांदाच लिहितोय: मला माझ्या भावाने मारलं.