शिट्टी न देता आलेली स्टीमर

जर्मनची लढाई संपली, पण पूल-रस्ते बांधणाऱ्या आमच्या सॅपर कंपनीला घरी जायचा हुकूम काही आला नाही. उलट बसऱ्याच्या वर, टायग्रिस नदीवर नावा जोडून केलेल्या एका पुलावर आमची ड्यूटी लागली. मी तेव्हा नाईक होतो. गाव सोलापूर, शुक्रवार पेठ. सेक्शनमध्ये सोलापूरचा आणखी एकच माणूस होता, सॅपर नरसय्या. भवानी पेठेतल्या विणकराचा थोरला मुलगा. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि जमादारसाहेबांशी तो जी काही हिंदुस्तानी बोलायचा ती ऐकून साहेब कपाळाला हात लावायचे. मी नाईक असलो तरी तो मला दादाच म्हणे. मीही कधी टोकलं नाही. परमुलखात तेवढं बरं वाटायचं.

आमच्याकडची सीना उन्हाळ्यात चालत ओलांडता येते. टायग्रिसचं उलटं. वर डोंगरात बर्फ वितळलं की ऐन चैत्रात तिला पूर येई. अशा नदीवर लाकडी नावा ओळीनं उभ्या करून, एकमेकींना दोरांनी बांधून, वर फळ्या टाकलेल्या होत्या. एवढाच आमचा पूल. प्रत्येक नावेचा नांगर वरच्या अंगाला टाकलेला. सकाळी दोर तपासायचे, सैल झाले असतील तर आवळायचे, फळ्यांवर वाळू टाकायची. लढाई करून आलेल्या माणसांना हे काम म्हणजे सासुरवासच वाटे. नरसय्याला मात्र ते आवडायचं.

पुलाचा नियम सोपा होता. माल घेऊन स्टीमर आली की लांबूनच शिट्टी देई. शिट्टी ऐकली की आम्ही रहदारी थांबवून मधल्या नावा सोडायच्या आणि वाट मोकळी करायची. पाव तासाचं काम. आमचे कान त्या शिट्टीला इतके सरावले होते की नदीकडे कोणी बघतही नसे.

त्या दिवशी सकाळी बाजार होता. पुलावर दह्याची भांडी डोक्यावर घेतलेल्या बाया, गाढवं, शेळ्या, सगळी जत्रा. कुठूनतरी पत्रा बडवल्याचा आवाज येऊ लागला. आम्हाला वाटलं, लग्नाची वरात असेल. नरसय्याच आधी उभा राहिला.

"दादा, जहाज हाय की! शिट्टी कुटं दिली?"

वळणावरून स्टीमर येत होती. दोन्ही बाजूंना धान्यानं भरलेले बार्ज, म्हणजे सपाट पडाव, बांधलेले. पाणी कापणारी चाकं फिरत नव्हती. बॉयलरचा पाइप फुटून वाफ गेली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. वाफ नाही म्हणजे इंजिन नाही, आणि शिट्टीही नाही. डेकवरचे खलाशी पत्र्याचे डबे बडवत होते.

जमादारसाहेब ओरडले, "पुल खाली करो! बीच की नाव खोलो!"

अर्ध्या सेक्शननं माणसं हाकली. एक बाई दह्याचं भांडं सोडायला तयार होईना, तिला भांड्यासकट उचलून नेलं. मी आणि नरसय्या मधल्या नावांकडे धावलो. आम्ही एका बाजूचे दोर सोडले. वाट मोकळी झाली असती तर स्टीमर कदाचित निघूनही गेली असती. पण पुराच्या जोरानं ती आडवी झाली. एवढी आडवी स्टीमर जाईल अशी वाट आम्ही दिवसभर राबलो असतो तरी झाली नसती.

"छोडो! सब किनारे! भागो!"

मी पळालो. पळताना पायांखालचा पूल ताणला जात होता. बार्ज आमच्या नांगरांच्या दोरात अडकला होता. किनाऱ्याला लागताना मागं वळून बघितलं, तर नरसय्या तिथंच. दोन नावांना जोडणारा दोर तुटला होता आणि तो उकिडवा बसून दोन्ही टोकं जवळ ओढत होता.

"नरसय्या! सोड ते! चल!"

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आलो दादा! येवढी गाठ मारतो."

बार्ज बसला तो तिथंच. फळ्या उडाल्या, नावा पालथ्या झाल्या आणि मधला सगळा पूल खाली वाहून गेला. पुलावरची माणसं तोवर उतरली होती. ती गाठ बसली असती तरी काही वाचलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. खालच्या वळणापर्यंत आम्ही शोध घेतला. नरसय्या मिळाला नाही.

चौकशी झाली. मी पाहिलं ते सांगितलं. शेरा पडला, 'हुकूम मिळूनही जागा सोडली नाही.' शब्द खोटा नव्हता. पण मला त्याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पलटणीतून सुटून सोलापूरला आलो आणि दुसऱ्याच दिवशी भवानी पेठेत गेलो. नरसय्याचे वडील हातमागावर बसले होते. तार आलेली होती, त्यामुळे रडणं होऊन गेलं होतं. त्यांना एकच विचारायचं होतं.

"त्येला हुकूम ऐकू आला न्हाई का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण बोलवेना. "आला, मामा. दोर तुटला होता. गाठ मारत बसला."

त्यांनी मागावरचा हात काढला.

"धागा तुटला की गाठ मारल्याबिगर उठायचं न्हाई, ही आमची रीत," ते म्हणाले. "ल्हानपनी कुनी हाक मारली की मधीच पळायचा. लई मारलं म्या त्येला. हात धरून मागावर बसवलं." मग हळूच म्हणाले, "म्याच बसवलं की रं तितं."

मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो.

टायग्रिसवर दुसरा पूल झाला असेल. नरसय्याची तिकडं काही खूण नाही, म्हणून इथं लिहितो: सॅपर नरसय्या, भवानी पेठ, सोलापूर. हसरा होता. उंच होता. पोहता येत नव्हतं.

मामांकडे मी अजून जातो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा धाकटा मुलगा, आता बापई गडी, मागावर होता. धागा तुटला. तो गाठ मारायला वाकला आणि नेमकी आतून त्याच्या बायकोनं जेवायला हाक मारली. मामा कोपऱ्यात बसले होते. ते उठले, मागाशी आले आणि त्यांनी पोराला खांद्याला धरून उभं केलं.

"हाक मारली की उठायचं," ते म्हणाले. "धागा ऱ्हाऊ दे."