बंद इंजिनाचा उतार

उंब्रजच्या स्टँडवर पिकअपवाल्यांत एकच प्रश्न कायम चालायचा, "तुझी किती देती?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. कुणाची अकरा द्यायची, कुणाची बारा. हंबीरराव थोरातांची अठरा वर्षांची जुनी गाडी मात्र पंधरा द्यायची, आणि हे ते कुणी विचारायच्या आतच सांगायचे.

फौजेत सतरा वर्षं त्यांनी ट्रक चालवले होते. पेन्शनीत आल्यावर ही पिकअप घेतली आणि तिला घोड्यासारखी सांभाळली. टायरात हवा बरोबर, फिल्टर दर आठवड्याला झटकलेला, गिअर वेळेत. पण खरी गोम उताराची होती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि चावी फिरवून इंजिनच बंद करायचं. "उतरणीला गाडी आपसूक जाती. तिला डिझेल कशाला पाजायचं?" असं ते म्हणत. स्टँडवरच्या सहा-सात जणांना शेजारी बसवून त्यांनी हे शिकवलं होतं.

गुडघा धरल्यापासून त्यांचं स्टेअरिंग सुटलं. मुलगा शिवतेज फौजेत, राजौरीला. मग सुनेनं, रेश्मानं लायसन काढलं आणि गाडी हातात घेतली. पाचगणीच्या हॉटेलांना भाजी पोचवायची, येताना स्ट्रॉबेरीचे क्रेट आणायचे. ती शांत डोक्यानं चालवायची. पण चार महिन्यांपासून गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरत चाललं होतं. पंधराची तेरा, तेराची अकरा.

"तुझा पाय जड हाय," हंबीरराव जेवताना म्हणायचे.

"न्हाई आबा. तुमी शिकवलं तसंच चालवती."

"मग डिझेल पितंय कोण?"

शेवटी माघातल्या एका सकाळी ते स्वतःच तिच्या शेजारी जाऊन बसले. काठी पायांत उभी धरली आणि म्हणाले, "चल. आज बघतो मी."

जाताना ती चुकली कुठंच नाही. पाचगणीत भाजी उतरवली, क्रेट भरले आणि दुपारी दोनच्या सुमाराला गाडी पसरणीच्या घाटाला लागली. खाली धोमचं पाणी चकाकत होतं. हंबीररावांना जरा डुलकी येत होती. तेवढ्यात इंजिनाचा आवाज गेला.

आधी त्यांना बरं वाटलं. पोरगी आपलंच करतेय. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती: टायरांची घरघर, मागं क्रेटांची करकर, खिडकीतून येणारा वारा. पण आजवर ती त्यांनी स्टेअरिंगमागून ऐकली होती. डाव्या सीटवर हातात धरायला काही नव्हतं. कठडा काचेजवळून सरकत होता आणि त्याच्यापलीकडं नुसती हवा होती.

पहिल्या वळणाला रेश्मानं ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणाला पुन्हा. मधे एक टेम्पो आडवा आला, तिथं पुन्हा.

तीनदा. हंबीरराव सीटवर ताठ झाले.

इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर पुरवणारा बूस्टर फक्त दोन-तीन दाबांपुरता उरतो, मग पेडल दगड होतं. म्हणून ते बंद गाडीला ब्रेक लावायचेच नाहीत. फार तर एकदा, आणि लगेच चावी फिरवायची. हे त्यांच्या पायाला माहीत होतं. तोंडानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. रेश्मालाही नाही.

"रेश्मा, चालू कर गाडी."

"पुढं सपाटी हाय, तिथं करती आबा. तुमीच म्हनला की शेवटपर्यंत..."

पुढचं वळण आलं. तिनं पाय दाबला आणि तिचा चेहरा बदलला. तिनं पुन्हा दाबला, सीटवरून अर्धी उठून दाबला. पेडल हललं नाही. वळणातून गाडी रस्त्याच्या मधोमध आली आणि खालून एसटी वर चढत होती. एसटीच्या हॉर्ननं सगळा घाट भरून गेला. रेश्मानं स्टेअरिंग ओढलं. एसटीची लाल पत्र्याची भिंत काचेला लागून गेली. मागं एक क्रेट फुटल्याचा आवाज आला.

"आबा, ब्रेक लागंना."

तिचा आवाज लहान झाला होता. हंबीररावांना वाटलं, आता आपण ओरडलो तर ही हात सोडेल. चिनाबच्या काठानं बर्फातून त्यांनी ट्रक काढले होते, पण असं भ्याले नव्हते. तेव्हा स्टेअरिंग त्यांच्या हातात होतं. त्यांनी काठी खाली टाकली आणि फौजेत शिकाऊ पोरांशी बोलायचे तसं, सावकाश बोलले.

"चावी फिरव. स्टार्टर मारू नगं, नुसती फिरव. व्हय. आता क्लच दाब. तिसरा टाक."

तिनं हात गिअरवर नेला. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून गिअर ढकलला.

"आता क्लच सोड. हळू. हळू."

गाडी गचका खाऊन अडखळली, इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि मोठ्यानं कण्हत चालू झालं. वेग थोडा मोडला. थोडाच. ब्रेकला जोर आला, पण पेडल आता स्पंजासारखं खाली जात होतं आणि मागून जळक्या रबरासारखा वास केबिनमध्ये शिरला. दुसरा गिअर टाकला तेव्हा इंजिन किंचाळलं. हंबीररावांनी हँडब्रेक एकेक दात वर ओढला. पुढं रस्त्याच्या कामाचा मुरमाचा ढीग पडला होता. "त्यात घाल," ते म्हणाले, आणि रेश्मानं डोळे मिटून घातली.

धुरळा बसेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. तिचे हात स्टेअरिंगवरून निघेनात. त्यांनी एकेक बोट सोडवलं.

"माझं चुकलं आबा," ती म्हणाली.

"तुझं न्हाई," ते म्हणाले.

वाईहून बिराप्पा नावाचा मेस्त्री आला. मागच्या चाकाला हात लावायला गेला आणि झटकन मागं घेतला. ड्रम उघडून त्यानं आतलं दाखवलं. काळं पडलेलं, काचेसारखं गुळगुळीत झालेलं ब्रेकचं लायनर.

"आवं, ह्यो ब्रेक सुटतच नव्हता," तो म्हणाला. "चाक कायम धरलेलं. बरेच महिने झालं असतील. गाडी लय डिझेल खात आसंल न्हवं?"

हंबीररावांनी मान हलवली. चार महिने ते सुनेच्या पायाला नावं ठेवत होते. चाक एकदा हातानं फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं.

पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणानं. रेश्मा वाचली. बाकीचे सहा-सात जण कुठं होते? कोण खंबाटकीच्या घाटात, कोण कुंभार्लीच्या, इंजिन बंद करून, त्यांचं नाव घेत उतरत असेल?

सकाळी ते स्टँडवर गेले आणि शिकवलेल्या एकेकाला धरून सांगितलं, उताराला इंजिन बंद करू नगा. त्यांतला शंभूराज हसला. "आबा, वय झालं तुमचं. भ्याला तुमी."

"व्हय, भ्यालो," हंबीरराव म्हणाले. "तूबी भी. एवढं ऐक माझं."

तो हसायचा थांबला. फौजीच्या तोंडून असं कुणी ऐकलं नव्हतं.

राहिला आष्ट्याचा आदगोंडा. हळदीची पोती घेऊन तो उंब्रजवरून कोकणात उतरायचा, स्टँडवर थांबायचा आणि तंत्र शिकल्यावर पेढे घेऊन आला होता. त्याचा फोन दोन दिवस बंद लागत होता. तिसऱ्या दिवशी हंबीरराव एसटीनं आष्ट्याला गेले. घर विचारत निघाले. दारात माणसं नाहीत ना, हे त्यांनी लांबूनच बघून घेतलं.

दार आदगोंडाच्या बायकोनं, त्रिशलानं उघडलं. हंबीररावांना विचारवेना.

"आबा? एवढ्या लांब आलासा?" ती म्हणाली. "हे रानात गेल्यात. फोन पाण्यात पडला की. बोलावू काय?"

हंबीरराव पायरीवर बसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला.

"बोलाव," ते म्हणाले. "म्हनावं, गाडीला हात लावायच्या आधी मला भेट."