साहेबांचा चुकलेला फेझंट

शिकारीला मी गेलो तो सूड उगवायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून धुक्याचं आणि पानगळीचं वर्णन मागणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळच्या एका हॉस्पिटलात मी सर्जरीचा रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या सर्जनच्या हाताखालचा डॉक्टर होतो. या नोकरीतून त्या नोकरीत, एका क्वार्टर्समधून दुसऱ्या क्वार्टर्समध्ये, असं आमचं बिऱ्हाड कायम पाठीवर. बायकोने पडदे शिवणं सोडून दिलं होतं, कारण प्रत्येक घराच्या खिडक्यांचं माप वेगळं. सीनियर रजिस्ट्रारची जागा मिळाली असती तर एका गावात राहता आलं असतं आणि लेकीची शाळा एकदाची ठरली असती. अशी जागा आमच्याच डिपार्टमेंटमध्ये निघाली. मी अर्ज केला. जागा मिळाली ती माझ्याच हाताखाली टाके घालायला शिकलेल्या एका गोऱ्या पोराला. आयत्या बिळावर नागोबा.

निवड साहेबांच्या शब्दावर झाली होती. साहेब म्हणजे आमचे कन्सल्टंट, डिपार्टमेंटचे मुख्य सर्जन. उंच, देखणे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"तुझे हात फर्स्ट क्लास आहेत," ते म्हणाले. "पण टीममध्ये फिट होणंही महत्त्वाचं असतं, यू सी. तो शनिवारी आमच्याबरोबर शूटिंगला येतो. तुझ्याशी शनिवारी बोलायचं तरी काय, हे आम्हाला कोणालाच कळत नाही."

आणि ते हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचा मला आजही त्यांच्यापेक्षा जास्त राग येतो.

घरी बायको कणीक मळत होती. तिने सगळं ऐकलं आणि गोळा परातीत असा आपटला की लेक दचकून बाहेर आली.

"मग शिका की शूटिंग," ती म्हणाली. "त्या मेल्याच्या नाकावर टिच्चून शिका."

मी कोल्हापूरकडचा. तांबड्या रश्श्याशी माझा संबंध ताटापुरता. त्याआधीच्या भागाकडे मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात रविवारी मी एका शेतावर जाऊन मातीच्या तबकड्यांवर बंदूक चालवायला शिकलो. तबकडी यंत्रातून सूंकन सुटते आणि तिच्या पुढे नेम धरायचा असतो, ती जिथे पोचणार तिथे. सुरुवातीला खांदा काळानिळा झाला. मग मी प्रत्येक तबकडीला साहेबांचा चेहरा द्यायला लागलो आणि नेम सुधारला. तबकडीचे तुकडे झाले की जिवाला गार वाटायचं.

डिसेंबरात ऑपरेशन थिएटरच्या कॉफीरूममध्ये मी सहज बोलल्यासारखं केलं की हल्ली मीही थोडंफार शूट करतो. साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या मंडळींपैकी एकाची पाठ धरली होती, एक जागा रिकामी होती. "मग शनिवारी ये," ते म्हणाले, आणि शेजारच्या भूलतज्ज्ञाला त्यांनी डोळा मारला. करमणूक म्हणून बोलावणं होतं, हे मला कळत होतं. असू दे म्हटलं.

फेझंट हा टर्कीच्या भाऊबंदांपैकी. कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा, देखणा आणि बिनडोक. बंदूकवाले शेताच्या कडेला ओळीने, जमिनीत ठोकलेल्या आपापल्या खुंटीपाशी उभे राहतात. पलीकडून माणसं काठ्यांनी झाडी बडवत येतात आणि पक्षी उठून यांच्या डोक्यावरून जातात. शेजाऱ्याच्या डोक्यावरचा पक्षी शेजाऱ्याचा, त्याला हात लावायचा नाही. मात्र त्याच्या दुनळीचे दोन्ही बार चुकले तर तो तुम्ही पाडू शकता. पाडलात तर शेजाऱ्याची अशी काही शोभा होते की लोक त्याला हंगामभर चिडवतात. हा नियम मी रामरक्षेसारखा पाठ केला होता.

खुंट्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. माझी खुंटी नेमकी साहेबांच्या शेजारी आली. देव आहे, असं मला त्या सकाळी मनापासून वाटलं.

सगळे मातकट ट्वीडच्या कोटांत, मी बाजारातून घेतलेल्या निळ्या अनोरॅक जाकिटात. "पक्ष्यांना तू लांबूनच दिसशील," साहेब म्हणाले. मंडळी हसली. मीही दात दाखवले आणि मनातल्या मनात ओठ चावले.

पहिल्या फेरीत माझा एकही बार लागला नाही. थंडीने असेल, पण मला वाटतं द्वेषाने. प्रत्येक वेळी साहेब गोड आवाजात "बॅड लक" म्हणायचे. त्यांनी मात्र एकामागून एक पक्षी पाडले, तेही चहात साखर ढवळावी इतक्या सहज.

दुसऱ्या फेरीत झाडीतून एक नर उठला. उंच, वेगात, सरळ साहेबांच्या डोक्यावर. त्यांनी पहिला बार काढला. पक्षी उडतच होता. दुसरा काढला. पक्षी जरासा कलला आणि माझ्या बाजूने निघाला. मी विचार केला नाही. बंदूक वर, नेम त्याच्या पुढे, चाप. हवेतल्या हवेत त्याचे पंख मिटले आणि तो नांगरटीत धप्पकन पडला. ओळीच्या टोकाकडून कोणीतरी शीळ घातली. पक्षी कुठे पडला हे मी पाहिलंच नाही. मी साहेबांचे कान पाहत होतो. ते लाल झाले होते.

कुत्र्याने पक्षी आणून दिला. तो हातात गरम होता, आणि मान इकडेतिकडे लोंबत होती. तुझं-माझं काही वैर नव्हतं रे बाबा, असं क्षणभर वाटलं. पण फार वेळ नाही वाटलं.

या लोकांचा एक रिवाज आहे. नवख्याने पहिला पक्षी मारला की जमलेल्यांतल्या वडीलधाऱ्याने त्या पक्ष्याचं रक्त त्याच्या कपाळाला लावायचं. तिथे वडीलधारे साहेबच. सगळे गोल करून उभे राहिले. साहेबांनी हातमोजा काढला, बोट रक्तात बुडवलं. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्यांनी मला डावललं, त्यांनीच चारचौघांत माझ्या विजयावर शिक्का मारायचा. याहून मोठं उट्टं ते कोणतं?

त्यांचं बोट माझ्या कपाळाला टेकलं आणि माझा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला. मग मी वाकलो. वाकून त्यांच्या चिखलाने भरलेल्या बुटांना हात लावला आणि तो हात छातीला लावला.

परीक्षेला निघताना आई कुंकवाचं बोट लावायची, पाडव्याला, वाढदिवसाला कोणी ना कोणी लावायचंच. कपाळाला बोट लागलं की डोक्यावर हात आणि लगेच नमस्कार, हे हाडीमाशी मुरलेलं. मेंदूला कोणी विचारलंच नाही. उठलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की जिंकलेला डाव मी स्वतःच नेऊन त्यांच्या पायांवर ठेवला होता.

टाळ्या वाजल्या. साहेब विरघळलेच. "डिअर बॉय!" म्हणत त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केलं. दुपारच्या जेवणापर्यंत गोष्ट अशी झाली की त्यांच्या रजिस्ट्रारने त्यांना गुरू मानून पायांवर लोटांगण घातलं. चुकलेले दोन बार त्या गोष्टीतून गळून पडले होते.

घरी बायकोने पक्ष्याचा रस्सा केला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पण तो खरंच वातड होता. नमस्काराचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." मग भांडी घासत बसली.

सोमवारी ऑपरेशनच्या आधी आम्ही हात धूत उभे होतो. साहेब, मी, तो जागा मिळालेला पोरगा. भूलतज्ज्ञ दारात, सिस्टर हत्यारं मांडत होती. साहेबांनी सगळ्यांना शनिवारची गोष्ट सांगितली, वाकण्याची नक्कलसुद्धा केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वसंतात आणखी एक जागा निघते आहे. तुझ्याबाबतीत माझं चुकलंच. यू डू फिट इन. ती जागा तुझीच समज."

कोपरांवरून पाणी ओघळत होतं. डोळ्यांसमोर लेकीची शाळा होती, एकाच गावातलं घर होतं. फक्त थँक यू म्हणायचं होतं. ते मी म्हटलंही.

"थँक यू, सर," मी म्हणालो. "पण गोष्टीतला मधला भाग राहिला. तुमचे दोन्ही बार चुकले. पक्षी तुमचा होता. तुम्हाला पाडता आला नाही, म्हणून मी पाडला. आणि तो नमस्कार माझ्या आईने लावलेल्या सवयीचा होता. तुमचा नव्हता."

भूलतज्ज्ञाला खोकला आला. सिस्टर हत्यारांवर वाकली, तिचे खांदे हलत होते. साहेबांचा चेहरा कानांपासून गळ्यापर्यंत हळूहळू लाल होत गेला. त्यांनी कोपराने नळ बंद केला आणि ते आत गेले.

त्या वसंतात आम्ही पुन्हा खोकी भरली आणि केंब्रिजच्या बाजूला, त्याच पगारावर, तसल्याच क्वार्टर्समध्ये गेलो. पण ते नंतरचं. त्या सोमवारी घरी जाताना, बायकोला हे सांगायचं कसं, एवढंच डोक्यात होतं.

ती फोडणी करत होती. मी बूटही न काढता दारातूनच बोललो. जागा निघत होती, माझीच होती, मी घालवली, साहेबांना सगळ्यांसमोर असं असं बोललो, सगळं एका दमात. तिने गॅस बंद केला. हात पुसले. आता लेकीच्या शाळेचं काहीतरी निघणार म्हणून मी मान खाली घातली.

तिने खुर्ची ओढली आणि ती माझ्यासमोर बसली.

"चेहरा कसा झाला हो त्याचा?" ती म्हणाली. "थांबा, घाई करू नका. पहिल्यापासून सांगा."