इंजिन नसलेला अग्निबाण

तेजराम कापगते माणसाची पारख एकाच गोष्टीवरून करायचा: तेल कुठे घालायचं ते याला ठाऊक आहे की नाही? ठाऊक नसेल, तर तो माणूस कितीही शिकलेला असो, तेजरामच्या लेखी तो उतारू. डोंगरगडच्या रेल्वे इंजिनशेडमध्ये नऊ वर्षं काढल्यावर उतारूंबद्दल जे मत व्हायचं ते त्याचं झालं होतं. उतारू गाडीत बसतो, खिडकीतून थुंकतो आणि उशीर झाला की इंजिनाला शिव्या देतो.

मूळचा तो साकोलीकडचा. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा, अठ्ठावन्न साली, डोंगरगड सोडून फिटर म्हणून आला आणि ब्लोअरघरात लागला. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला अष्टौप्रहर वारा लागतो. तो वारा करणारी यंत्रं या घरात. वारा थांबला की भट्टी मेली. पण पाहुणे यायचे ते भट्टी बघायला. लाल धार बघून तोंडात बोटं घालायचे आणि जाताना ब्लोअरघराच्या भिंतीला टेकून फोटो काढून घ्यायचे. आत कोणी डोकावत नसे.

"उतारू साले," तेजराम म्हणायचा आणि हात पुसायचा.

बासष्ट सालच्या गणपतीत मराठी मंडळाने नाटक बसवायला घेतलं. रशियाचा माणूस आभाळात फेरी मारून आला त्याला दीडच वर्ष झालं होतं, कारखाना रशियाच्या मदतीचा म्हणून वसाहतीत रशियन कुटुंबं राहत होती, आणि ज्याच्यात्याच्या तोंडी चंद्र होता. तेव्हा नाटकही चंद्रावर जाणाऱ्या अग्निबाणाचं. लिहिलं शेषरावांनी. हे आस्थापना विभागातले अधिकारी. रजेचे अर्ज मंजूर करायचे, पल्लेदार बोलायचे, आणि कप्तानाचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

नेपथ्याला हाताचा कसबी माणूस हवा म्हणून तेजरामला बोलावलं. शेषरावांनी कागद पुढे सरकवला. कागदावर एक खोली. तीन खुर्च्या, टेबल, टेलिफोन, एक गोल खिडकी आणि कप्तानापुढे जहाजासारखं चाक.

तेजरामने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. कोरी होती.

"साहेब, इंजिन कुठं हाय?"

"ते खाली कुठेतरी आहे असं समजायचं," शेषराव हसले. "अहो तेजराम, लोक माणसं बघायला येतात. एक खोली असली की सगळी पात्रं तिथेच भेटतात, तिथेच भांडतात. दुसरा देखावा लावायचा तर पडदा पाडा, सामान हलवा, रंग जातो. आणि तेलकट यंत्राकडे पाहून काय करायचं लोकांनी?"

"मंग ते चालते कशानं?"

"चाकाने. मी वळवतो ना!"

कोहका वस्तीतल्या घरी येईपर्यंत सायकलवर तेजराम एकटाच हसत होता, आणि ते हसू चांगलं नव्हतं. इंजिन नसलेल्या गाडीला डबा म्हणतात. हे लोक डब्यात बसून चंद्रावर निघाले होते! जन्मभर खुर्च्याच पाहिल्या, तर चंद्रावर दुसरं काय पाठवतील? घंटी वाजवली की चहा येतो, तसा चंद्र येईल असं त्यांना वाटत असणार.

मथुरा, त्याची बायको, भाकरी थापत होती. त्याने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती हसली नाही.

"त्याईचं काय घेऊन बसले? मी बी तुमचं इंजिन कधी पाह्यलं नाई. चार वरीस झाले. तुमी जाता, काळे होऊन येता. इचारलं त म्हनता, तुले नाई समजत."

तसं तेजराम म्हणायचा हे खरं होतं. त्याने ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी तो तालमीला गेला तेव्हा तिसरा अंक चालू होता. वाटेत अग्निबाण बंद पडतो. कप्तान शेषराव कपाळाला हात लावून म्हणाले, "घात झाला! यंत्र बंद पडलं!" मग त्यांनी एक दांडी ओढली. "चालू झालं!" बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. समोर बसलेल्या कमलिनीबाई तालीम घेत होत्या; शाळेत शिकवायच्या, नाटकाची जाण होती. त्यांनी वही मिटली.

"शेषराव, हे पडतंय. मला काही भीती वाटली नाही."

"भेव कशाचं वाटन, बाई?" तेजराम मागून बोलला. "काय बंद पडलं तेच दिसून नाई राहिलं. बंद पडलेली चीज दाखवा, मंग पाहा."

कमलिनीबाईंनी मान वळवून त्याला पाहिलं. "तुम्ही बनवाल?"

"बनवीन. पन फकत फळ्यावर रंगवलेलं नाई."

शेषरावांना ते रुचलं नाही, पण कमलिनीबाई हटल्या नाहीत. अर्धा रंगमंच कप्तानाला, अर्धा इंजिनाला, असं ठरलं. तेजरामने रीतसर पास घेऊन भंगारातून सामान आणलं. दोन वाल्व्हची चाकं, काटा तुटलेला प्रेशर गेज, पाइपाचे तुकडे, एक मोठी पुली. डांबराच्या पिंपावर हे सगळं चढवलं. पुली फिरवायला खाली पायाचं पॅडल, प्रेक्षकांना न दिसणारं. धुरासाठी पिंपात धुपाटणं. यंत्रवाल्याचं काम त्यालाच मिळालं. तीन वाक्यं होती. शेषरावांनी दोन कापली. उरलं ते "जी, साहेब."

"मी आज्ञा केली की मनात दहा मोजायचे आणि सुरू करायचं," शेषरावांनी बजावलं. "दहाच."

"जी, साहेब," तेजराम म्हणाला.

नाटक संध्याकाळी सहाला सुरू झालं. पुढे खुर्च्यांवर अधिकारी, मागे सतरंजीवर कामगार, डावीकडे बाया. त्यांत मथुरा, शेजारच्या कौशल्याबाईबरोबर. पहिले दोन अंक शेषराव भरपूर बोलले. पृथ्वीचा निरोप घेतला, मातृभूमीवर कविता म्हटली. मागे काही जण बिड्या ओढायला उठले.

तिसऱ्या अंकात लाल दिवा लागला. तेजरामने पाय उचलला आणि पुली थांबली.

"इंजिन सुरू करा!" शेषराव गरजले.

"जी, साहेब."

दहा झाले. वीस झाले. तेजरामने पॅडलला पाय लावला नाही. त्याने आधी बेअरिंगवर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पिंपाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मागे हसू पिकलं. मग हळूहळू ओसरलं. यंत्रातला बिघाड ऐकण्याची ही तऱ्हा तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होती.

"सुरू करा म्हणतो ना!" शेषरावांचा आवाज आता नाटकातला राहिला नव्हता.

तेजरामने वरचा वाल्व्ह बंद केला, खालचा थोडा उघडला. तेलाची बुधली घेतली. थेंब थेंब.

"तेजरामभाऊ, घाई करू नोको!" मागून कोणी ओरडलं. "थंडं होऊ दे!"

"कोण बोललं?" पुढच्या खुर्चीतून एक साहेब वळले. मंडपात आता फक्त शेषराव ओरडत होते आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

तेजरामने हाताने पुली अर्धी फिरवली. थांबला. पुन्हा फिरवली. घाम त्याच्या कानामागून मानेवर उतरला. मग पाय पॅडलवर गेला, पुली कुरकुरली, वेग धरला, पिंपातून धूर निघाला, आणि मागची सगळी सतरंजी उठून उभी राहिली.

यात पाव तास गेला होता. पुढच्या रांगेतल्यांनी घड्याळं पाहिली. आरतीची वेळ झाली होती. चौथा अंक राहूनच गेला. अग्निबाण चंद्रावर पोचलाच नाही.

शेषरावांनी त्याला पडद्यामागे गाठलं. "माझ्या नाटकाचा सत्यानाश केला तुम्ही! दहा सांगितले होते!"

"दहात सुरू केलं असतं त बेअरिंग गेलं असतं, साहेब."

"ते डांबराचं पिंप आहे!"

"तुमच्यासाठी," तेजराम म्हणाला आणि बुधलीचं झाकण लावलं.

पुढल्या वर्षी मंडळाने राजदरबाराचं नाटक केलं, त्यात यंत्र नव्हतं. सिंहासन करायला बोलावलं तेव्हा तेजरामने ड्यूटी असल्याचा निरोप धाडला. शेषराव कोपऱ्यावर भेटले की मान फिरवायचे. त्याचं तेजरामला काडीचंही दुःख नव्हतं.

नाटक झालं त्या रात्री घरी जाताना मथुरा सायकलच्या मागे बसली होती. कुम्हारीकडून येणारा ट्रक पुढे गेल्यावर तिने विचारलं.

"रोज असंच करता?"

"रोज नाई. बंद पडलं तवा."

"अन् साहेब असाच बोंबलते?"

"असाच."

"हात भाजते का?"

त्याने तिला बेअरिंग म्हणजे काय ते सांगितलं. ते का तापतं, कसं ऐकायचं, वारा कुठून आत येतो, कुठे जातो. घर आलं तरी सांगणं संपलं नव्हतं. तिने दोनदा मधेच अडवून विचारलं, आणि दोन्ही प्रश्न रास्त होते, हे त्याला कबूल करावं लागलं.

चार दिवसांनी दुपारी तो खाटेवर पडला होता. अंगणात मथुरा कौशल्याबाईला ब्लोअरघर समजावत होती, सूप हातात धरून. दोन्ही वाल्व्ह तिने उलटे सांगितले. तेजराम चूक सांगायला उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच चौकटीला टेकून ऐकत राहिला.