पुसलेला लेप

सफाक्स शहरातल्या महिला केंद्रात मुनीरा खाला कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकत होत्या. प्रोसेसरवरचा करडा लेप त्यांना मळ वाटला. घर लख्ख ठेवणाऱ्या त्या बाईंनी तो रुमालाने पुसून टाकला आणि वर पंखा बसवला. चालू करताच कॉम्प्युटर तापून बंद पडला.

"वसीला, आजही तूच घोळ घातलास ना गं?" शिक्षिका कडाडल्या.

शेजारची वसीला गोरीमोरी झाली. खालांची जीभ रेटेना. अखेर त्या पुटपुटल्या, "तिने नाही, मी पुसलं. मला घाण वाटली."

"अहो खाला, त्या लेपामुळेच तर आतली उष्णता पंख्याकडे जाते!" शिक्षिका म्हणाल्या.

वर्गातल्या सगळ्या खो खो हसल्या. वसीला मात्र हसली नाही. तिने लेपाची नळी खालांपुढे सरकवली. ती घेताना खालांना तिच्याकडे बघवेना.