एका बाजूचं झाकण

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. आभाळ रोज धुतल्यासारखं स्वच्छ. गाव हवालदिल होतं आणि मी, गावच्या दूध संस्थेचा सचिव, चारचौघांत सुस्कारे टाकून मनातल्या मनात खूश होत होतो. घरी दुर्बीण होती आणि दुर्बीणवाल्याला ढग नको असतात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यात उन्हाळ्यातच मी लातूरच्या एका हौशी माणसाकडून बायनोव्ह्यूअर आणलेला. तो दुर्बिणीला बसवला की एका नळीतून आलेला उजेड दोन आयपीसांत, म्हणजे डोळे लावायच्या दोन भिंगांत, वाटला जातो. एक डोळा मिटून तोंड वाकडं करायला नको. दोन्ही डोळ्यांनी पाहिला की चंद्र चित्रातला राहत नाही, हाताला लागेल असा गोल दिसतो. "दोघांना सारखं वाटप! हे यंत्र सहकारी तत्त्वावर चालतं," असं मी येईल त्याला ऐकवायचो.

जनावरं चारा छावणीला गेलेली, थोरले भाऊही तिकडंच. संस्थेत दूध येईना. मग दिवेलागणीच्या आतच मी संस्थेच्या अंगणात दुर्बीण मांडायचो. टँकरची वाट बघत बसलेली माणसं येऊन बघून जायची. थोरल्या वहिनी रोज यायच्या. आई गेल्यावर मला वाढवलं ते त्यांनीच. डोळे लावायच्या आणि म्हणायच्या, "लई झ्याक हाय, भावजी." मला तेवढंच पुरे व्हायचं.

एका संध्याकाळी वहिनी नेहमीसारखं बघून बाजूला झाल्या. मागचा गडी वाकला आणि ओरडला, "सचिव, उजवीकडं अंधार हाय की! तुमच्या सहकारातबी एकालाच मिळतंय का?"

उजव्या आयपीसचं झाकण मी काढलंच नव्हतं. सगळे हसले. मीही हसत म्हणालो, "वैनी, खोटं कौतुक करता व्हय?"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला.

माझं हसू तिथंच थांबलं. चैत्रात त्या म्हणाल्या होत्या, "उजव्या डोळ्यापुढं धुरकट दिसतंय भावजी, अंबाजोगाईला दाखवाया नेता का?" मी म्हटलं, येत्या रविवारी. त्या रविवारी मी लातूरला गेलो, हेच यंत्र आणायला. पुढचे रविवार भिंगं पुसण्यात गेले.

मी जवळ जाऊन एका तळहातानं त्यांचा डावा डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं उजव्यापुढं धरली. "वैनी, माझी बोटं किती?"

"टँकर आला बगा," म्हणाल्या आणि घागर उचलून चालू लागल्या. टँकर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाई गाठली. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नजर परत येणार नव्हती. डावा थेंबांवर टिकवायचा. "आधी का नाही आणलं?" डॉक्टरांनी मला विचारलं. उत्तर वहिनींनी दिलं, "दुष्काळ हाय की सायेब, कुणाला सवड?" त्यांनी मला वाचवलं आणि मी वाचवून घेतलं.

थेंब आता सकाळ-संध्याकाळ मीच घालतो. बायनोव्ह्यूअर कपाटात टाकला होता. तोही त्यांनीच काढायला लावला. "माझ्यापायी कशाला कोंडता त्याला?"

डोळा लावायच्या आधी त्या रोज विचारतात, "झाकण काढलंय नव्हं, भावजी?" लोक हसतात. मीही हसतो आणि दोन्ही आयपीस बोटांनी चाचपून बघतो.