कॅप्टनचं प्रात्यक्षिक

आमच्या गटात आम्ही तिघं: मी, चष्मिस आणि कॅप्टन. कॅप्टन हे नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं. संगणकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे गट पडले, त्याच दिवशी तो म्हणाला, "कोडबिड तुम्ही बघा. मी टीम सांभाळतो." टीम म्हणजे दोन माणसं, आणि ती त्याच्याशिवाय छान सांभाळली गेली असती.

प्रोजेक्ट होतं वसतिगृहाच्या लॉन्ड्रीचं. कुणाचे कपडे आले, कुणाचे गेले, कुणाचा शर्ट हरवला, असं सगळं. डेटाबेस चष्मिसनं बांधला, बाकीचं मी. कॅप्टननं पहिल्या पानासाठी लोगो निवडला. तो निळा हवा की हिरवा, यावर मीटिंगा घेतल्या. एका मीटिंगला चष्मिस आली नाही, तर हा म्हणे, "तिच्यात कमिटमेंट नाही."

अशा या माणसाला एका कंपनीत नोकरी लागली. बोलण्यावर लागली असणार, कारण त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. वडिलांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. कंपनीची अट एवढीच, की शेवटच्या वर्षाच्या याच परीक्षेत पास व्हायचं. आणि परीक्षेत प्रत्येकानं बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे प्रोजेक्ट स्वतः चालवून दाखवायचं होतं.

"ये, शिकवतो," मी म्हटलं. "कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडायची, फोल्डरमध्ये जायचं, एक ओळ टाइप करायची. सर्व्हर सुरू. अर्ध्या तासाचं काम आहे."

"लीडरनं त्या खोलात जायचं नसतं. ऐन वेळी बिघडलं म्हणजे? मी सेफ खेळतो."

सेफ म्हणजे काय, तर त्यानं माझ्याकडून प्रोजेक्ट चालवून घेतलं आणि पडद्याचं रेकॉर्डिंग केलं. प्रात्यक्षिकाला तो व्हिडिओ पडदाभर लावायचा आणि व्हिडिओतला बाण जाईल तिकडे हातातला माउस न्यायचा. पठ्ठ्या आठवडाभर दार लावून रियाज करत होता. तेवढ्यात ती एक ओळ सोडाच, प्रोग्रामिंगची अख्खी भाषा शिकून झाली असती. कष्ट टाळायला आळशी माणूस किती राबतो, ते त्याच्याकडे बघून कळावं.

परीक्षेला एक मॅडम आल्या होत्या. आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. खोटं कशाला बोलू, सुरुवात झकास झाली. हात आणि बाण असे जोडीनं चालले होते, की क्षणभर मीही फसलो.

"बघू, मला दे जरा," म्हणत मॅडमनी माउस उचलला.

माउस हवेत आणि पडद्यावर बाण आपला निवांत चाललेला. त्यानं एका विद्यार्थ्याचं नाव भरलं, तीन पँट लिहिल्या आणि बटण दाबलं.

"मॅडम, ते... ऑटोमॅटिक आहे."

"असं? मग तुझी काय गरज?"

चष्मिसला खोकला आला. मॅडमनी व्हिडिओ बंद केला. रागावल्या नाहीत. "खरं प्रोजेक्ट आहे ना यात? नुसतं सुरू करून दाखव. तेवढ्यावर पास करते."

पदवी याहून स्वस्त कुठे मिळणार? कॅप्टनला काळी खिडकी तरी सापडली. त्यात त्यानं 'स्टार्ट' लिहिलं. मग 'स्टार्ट प्रोजेक्ट'. मग, देवाशपथ सांगतो, 'लॉन्ड्री'. दर वेळी खिडकीनं कळवलं, की असलं काही मला ठाऊक नाही.

मला बघवेना. पुढे वाकून म्हटलं, "अरे, आधी त्या फोल्डरमध्ये..."

त्यानं मान वळवली ती मॅडमकडे, आणि हसून म्हणाला, "माझ्या टीमला जरा घाई असते."

मी मागे टेकून बसलो. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

कॅप्टन नापास झाला, नोकरी गेली. निकालाच्या संध्याकाळी त्याच्या आईचा मला फोन. "तुम्ही दोघं पास झालात, आणि ज्यानं सगळं केलं तो राहिला. ऐन वेळी एक शब्द सांगायला तुमची जीभ झडली होती का रे?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर मागून कॅप्टनचा आवाज आला, "जाऊ दे गं आई. मी त्यांना माफ केलंय."